इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातून मेडिकलला जायचंय, बारावीला बायोलॉजी नव्हतं: नेमकं काय करावं लागेल?

प्रश्न: शाहूपुरी_ईटीसी

एस.ई. (इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष) ई अँड टीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला आहे, कॉलेज कोल्हापुरातच. बारावी आपल्या एचएससी बोर्डातून, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स आणि बायफोकल (व्यावसायिक विषय) इलेक्ट्रॉनिक्स. बायफोकल घेतल्यामुळे बायो सुटलं. डोमिसाइल आहे, दहावी-बारावी दोन्ही इथलीच, प्रवर्ग ओबीसी. एमबीबीएसला जायचं हे पक्कं आहे, "विचार कर" हा सल्ला घरून भरपूर मिळालाय. मला माहिती हवी आहे ती अशी: बायोशिवाय नीटला, म्हणजे मेडिकलच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेला, बसता येतं का? नसेल तर बायो आता कसं करायचं? इंजिनिअरिंगचा प्रवेश आत्ताच रद्द करावा का? आणि पुढच्या मे महिन्यातल्या नीटसाठी आत्ता जूनपासून लागलं तर अभ्यास कसा बसवायचा?

उत्तर: आवेदनपत्र_मदत

बायोच्या गुणपत्रिकेशिवाय प्रवेश नाही. पण बायो बारावीनंतर वेगळा विषय म्हणून करता येतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २२ नोव्हेंबर २०२३ च्या जाहीर सूचनेत हे स्पष्ट केलंय: बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी जादा विषय म्हणून पास केलेला विद्यार्थी नीटला पात्र आहे. आधी अकरावी-बारावी सलग दोन वर्षं बायो लागायचं, ती अट गेली. जुने व्हिडिओ बघून अजूनही कोणी "होत नाही" म्हणत असेल तर त्यांच्याकडची माहिती त्याआधीची आहे.

आपल्या बोर्डात याला "तुरळक विषय" म्हणतात. १७ नंबरचा फॉर्म खाजगी विद्यार्थ्यांसाठी असतो, तो तुझा नाही. तू बारावी पास आहेस, तुला एकच विषय द्यायचाय, म्हणून आवेदनपत्र भरताना "तुरळक विषय" हाच प्रकार निवडायचा. ते ऑनलाइन असलं तरी कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच जातं, घरबसल्या परस्पर भरता येत नाही. पहिली पायरी म्हणून ज्या ज्युनिअर कॉलेजातून बारावी केलीस तिथल्या ऑफिसात जा. सोबत बारावीची मूळ गुणपत्रिका, दोन-तीन झेरॉक्स आणि आधार घे. तिथे बायोची तुकडीच नसेल तर बायोची प्रयोगशाळा असलेल्या दुसऱ्या कॉलेजातून अर्ज घेता येईल का, ते कोल्हापूर विभागीय मंडळाच्या ऑफिसात विचार. सांगली-साताऱ्याचं कामही तिथूनच चालतं.

इथे गाडी अडते ती प्रॅक्टिकलवर. पेपर ७० गुणांचा आणि प्रात्यक्षिक ३० चं. प्रात्यक्षिकाला प्रमाणित जर्नल (प्रयोगवही) लागतं, आणि ते कॉलेजनेच सही करून द्यायचं असतं. फॉर्म भरला की निवांत बसून जानेवारीत जर्नलची आठवण काढणारे बरेच असतात, आणि तोवर लॅबमध्ये रेग्युलर मुलांचे सराव चालू झालेले असतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच शिक्षकांशी बोलून आठवड्यातला एक दिवस ठरवून घे. आवेदनपत्रं साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतात, प्रात्यक्षिकं जानेवारी-फेब्रुवारीत, लेखी फेब्रुवारी-मार्चमध्ये. जून-जुलैची पुरवणी परीक्षा आधार म्हणून धरू नकोस. तिचा निकाल येईपर्यंत प्रवेशफेऱ्या सुरू झालेल्या असू शकतात.

पास होऊन गुणपत्रिका वेगळी मिळेल, ती जुन्या गुणपत्रिकेसोबत जोडायची. पात्रतेसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायो असे ३०० पैकी धरतात: खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, ओबीसीला ४० टक्के, म्हणजे १२०. तेवढे तुला जड नाहीत.

उत्तर: बायो_राजारामपुरी

फॉर्मचं वर आलंच आहे. मी अभ्यासावर लिहिते, कारण इंजिनिअरिंगची मुलं फिजिक्सच्या भरवशावर येतात आणि भलत्याच ठिकाणी गळतात.

नीटचा पेपर २०२५ पासून असा: १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायो ९०. सगळे प्रश्न सक्तीचे. आधीचे पर्यायी प्रश्न आणि वीस मिनिटं जादा, दोन्ही गेलं. म्हणजे निम्मा पेपर तू न शिकलेल्या विषयाचा आहे.

पण खरी भोकं अकरावीत असतात. एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत, अकरावीला २० टक्केच वजन असतं, त्यामुळे सीईटीवाल्यांची अकरावी वरवरचीच राहते. नीटमध्ये अकरावी जवळपास निम्मी आहे. लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, केमिकल बाँडिंग, केमिकल इक्विलिब्रियम हे सगळं पुन्हा पायापासून. तुझ्या शाखेचा फायदा सेमीकंडक्टर आणि करंट इलेक्ट्रिसिटीत होईल. बाकी फिजिक्समध्ये गणित सोपं असतं, पण प्रश्नाला मिनिटभरच मिळतं. इंटिग्रेशन मांडत बसायची सवय मोडावी लागेल.

बायोला पुस्तक एकच, एनसीईआरटी अकरावी आणि बारावी, इंग्रजीतून. गंमत म्हणून नव्हे, पेपरातली वाक्यं तिथूनच उचललेली असतात. मात्र तुला बोर्डाचा पेपरही द्यायचाय, आणि तिथे बालभारतीचं पुस्तक चालतं. दोन्ही जुळत नाहीत. बारावी बालभारतीत वनस्पतींतील जलसंबंध आणि खनिज पोषण आहे; नीटच्या २०२४ पासूनच्या अभ्यासक्रमातून ते दोन्ही वगळलंय. नीटमध्ये येणारं प्रकाशसंश्लेषण बालभारतीच्या अकरावीत आहे, जे तू कधी उघडलेलंच नाहीस. म्हणून आधी दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून तीन खुणा कर: दोन्हीकडे असलेलं, फक्त बोर्डाचं, फक्त नीटचं. फक्त बोर्डाचं जे असेल ते जानेवारीत पंधरा दिवसांत उरकायचं, त्याला त्याहून जास्त वेळ देऊ नकोस.

क्रम मी असा सुचवेन. जून-जुलैत जेनेटिक्स आणि मॉलिक्युलर बेसिस ऑफ इनहेरिटन्स. इंजिनिअरिंगच्या डोक्याला हे धडे लवकर बसतात, विषयाची भीती जाते आणि बोर्डातही ते वजनदार आहेत. ऑगस्टमध्ये प्रजनन आणि बायोटेक्नॉलॉजी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ह्यूमन फिजिओलॉजी. वनस्पती आणि प्राण्यांचं वर्गीकरण नोव्हेंबरनंतर. ते निव्वळ पाठांतर आहे, लवकर केलं तर मेपर्यंत उडून जातं. इकॉलॉजी सोपी आहे, ती प्रवासात वाचून होते.

फिजिओलॉजी तू पाठ करू नकोस, हिशेबाने कर. मूत्रपिंडाचा धडा घे. गाळण मिनिटाला १२५ मिली, म्हणजे दिवसाला १८० लिटर. बाहेर पडतं एक ते दीड लिटर. याचा अर्थ ९९ टक्के परत शोषलं जातं. मग कुठल्या नलिकेत काय शोषलं जातं, हेन्लेच्या लूपची कुठली बाजू पाणी सोडते आणि कुठली क्षार, हे आपोआप रांगेत बसतं. हृदयाचंही तसंच: एका ठोक्याला ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके, झाले साधारण पाच लिटर. या आकड्यांवर सरळ प्रश्न येतात.

सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नसतं, नीटमध्ये बरोबरला चार आणि चुकीला उणे एक. दोन पर्याय खात्रीने कटले असतील तर उत्तर मारायचं. चारही सारखेच वाटत असतील तर त्यावर वेळ घालवायचा नाही, सोडून पुढे जायचं. ओएमआर, म्हणजे गोळे भरायची उत्तरपत्रिका, काळ्या बॉलपेनने भरायची, खोडता येत नाही. शेवटी एकदम गोळे भरायला ठेवणाऱ्यांची ओळ एक प्रश्न सरकते आणि पुढचं सगळं चुकतं. म्हणून पान संपलं की त्या पानाचे गोळे लगेच. जानेवारीपासून दर रविवारी दुपारी २ ते ५ पूर्ण पेपर सोडव, परीक्षेची वेळ तीच आहे. बायो ५० मिनिटांच्या आत बसलं पाहिजे, तरच फिजिक्सला श्वास मिळतो.

उत्तर: फेरी_क्रमांक

दोघांनी व्यवस्थित सांगितलंय. प्रवेशाच्या बाजूचं राहिलं.

"क्वालिफाय" आणि "प्रवेश" यांची गल्लत करू नका. २०२५ ला पात्रतेचे गुण खुल्या प्रवर्गाला १४४ आणि ओबीसीला ११३ होते, २०२४ ला १६२ आणि १२७. या गुणांवर सरकारी एमबीबीएस मिळत नाही. आणि गुण वर्षावर्षाला इतके हलतात की गेल्या वर्षीच्या कटऑफवर ध्येय ठेवणं फसवं ठरतं. २०२४ ला ७२० पैकी ७२० घेणारे अनेक होते, २०२५ ला पहिल्या नंबरला ६८६. म्हणून सीईटी सेलच्या (राज्याचे प्रवेश करणारं कार्यालय) मागच्या याद्यांत गुण बघू नका, ऑल इंडिया रँक बघा. आपल्या प्रवर्गाची शेवटची रँक कुठे थांबली, तेच ध्येय.

राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या ८५ टक्के जागा सीईटी सेल भरतं, १५ टक्के दिल्लीची एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी). दोन्हीकडे वेगळी नोंदणी लागते. कोल्हापूरचं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं सीपीआर, १५० जागांचं. इथला रहिवासी म्हणून इथे प्राधान्य मिळत नाही. ७०:३० चा विभागीय कोटा २०२० मध्ये रद्द झाला. पसंतीक्रमात सीपीआर, मिरज, सातारा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी सगळं भरावं. कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात येतं, त्याचे प्रवेश एमसीसीतूनच होतात, डोमिसाइल तिथे उपयोगी नाही आणि नोंदणीला दोन लाख अनामत भरावी लागते. बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी हेही याच नीटवर आहेत, ते आधीच ठरवून ठेवा.

सरकारी सीट घेतली तर साडेपाच वर्षांनंतर एक वर्ष शासकीय सेवा, नाहीतर दहा लाखांचा बाँड. घरी हिशेब मांडताना तेही वर्ष धरा.

ओबीसी असल्याने जातवैधता लागेल. इंजिनिअरिंगला दिली असेल तर तीच चालते, मूळ प्रत मात्र हातात हवी. नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चला संपतं, त्यामुळे एप्रिल उजाडला की नवीन काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात.

शाहूपुरी_ईटीसी

खूप आभार तिघांचे. तुरळक विषय हा प्रकार असतो हेच मला माहीत नव्हतं. प्रवेश रद्द करण्याचं राहिलं. आत्ता करू, की चौथं सेमिस्टर देत देत नीट?

उत्तर: आवेदनपत्र_मदत

भावा, आत्ता रद्द करू नकोस. दोन्ही पूर्ण ताकदीने मात्र होणार नाही: बोर्डाचा लेखी पेपर तुमच्या चौथ्या सेमिस्टरच्या मध्यात येतो आणि नीट मेच्या पहिल्या रविवारी, म्हणजे सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर. म्हणून तिसरं सेमिस्टर दे आणि त्याच काळात बायोचं आवेदनपत्र घाल. डिसेंबरमध्ये तीन पूर्ण पेपर सोडवून बघ. बायोचे ९० पैकी ६० पेक्षा जास्त प्रश्न बरोबर आले नसतील तर चौथं सेमिस्टर सोडण्यात अर्थ नाही, नीट एक वर्ष पुढे ढकल. वयाची वरची मर्यादा आता नाही, प्रयत्नांवरही बंधन नाही.

६० च्या पुढे असशील तर चौथ्या सेमिस्टरला गॅप घे. परत कुठल्या सेमिस्टरला घेतील, पॅटर्न बदलला तर कुठले विषय जादा द्यावे लागतील, हे कॉलेजकडून लेखी घे. तोंडी "येऊ द्या परत" यावर विसंबू नकोस.

पुढे रद्द करायची वेळ आलीच तर एआयसीटीईचा (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) नियम लक्षात ठेव: सोडून जाणाऱ्याकडून उरलेल्या वर्षांची फी मागता येत नाही आणि मूळ कागद अडवून ठेवता येत नाहीत. अर्ज लेखी दे, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत स्वतःकडे ठेव. दाखला आता इंजिनिअरिंग कॉलेजचा निघेल, ज्युनिअर कॉलेजचा नाही. त्यावर जन्मतारीख आणि जात दहावीच्या कागदांशी जुळते का, ते खिडकीवरच उभं राहून वाच. एका अक्षराचा फरक असला तरी कागदपत्र पडताळणीत अडवतात, आणि दुरुस्तीला आठवडा जातो.

उत्तर: बायो_राजारामपुरी

डिसेंबरच्या त्या तीन पेपरांत न शिकलेल्या धड्यांचे प्रश्न वगळून टक्केवारी काढ. वर्गीकरण तेव्हा झालेलंच नसेल, त्याचे गुण गेले म्हणून घाबरायचं कारण नाही. आणि जर्नलसाठी एकदा या आठवड्यातच ज्युनिअर कॉलेजात जाऊन ये; जूनमध्ये लॅब असिस्टंटना वेळ असतो.