मदत हवी आहे: जुनी एमजीबी घ्यावी का? (रविवारच्या आत सांगा)

रेडिंगकर:
नमस्कार मंडळी, इथे इंग्लंडात एक एमजीबी (जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार) मिळतेय, ७५०० पौंड सांगतोय, सातला देईल असं वाटतंय. लाल रंग, टप नवीन टाकलाय, सीटचं कापड पट्ट्यापट्ट्यांचं आहे, आरामखुर्चीला असतं तसं. चालवून बघितली. लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे काही नाही, दोन महिन्यांपूर्वी एका पबच्या बाहेर एक उभी बघितली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मालक म्हणतो अजून दोघं बघून गेलेत, रविवारपर्यंत काय ते कळव. घेण्यासारखी असते का ही गाडी? "मनाचं ऐका" टाइप उत्तरं नकोत प्लीज.

ऑइलची_बरणी:
कुठल्या सालची? रोडस्टर (उघडी, टपवाली) की जीटी (पक्क्या छपराची)? क्रोम बंपर की रबर? ओव्हरड्राइव्ह (हायवेचा जादा गिअर) आहे? "गाडी मिळतेय आणि लाल आहे" यावर काय सांगणार कप्पाळ.

रेडिंगकर:
टप नवीन आहे लिहिलंय म्हणजे रोडस्टरच ना. ७७ ची, काळे रबरी बंपर. ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरच्या दांडीच्या गोळ्यावर स्विच असतो तेच का? मग आहे. आता सांगा, घेऊ का?

चुलतकाका:
बिनधास्त घ्या!! आमच्या काकांकडे कोल्हापूरला अ‍ॅम्बॅसॅडर होती, तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही एकाच खानदानातली, बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज. काका रविवारी सकाळी बनियनवर बॉनेट उघडून बसायचे आणि जेवायच्या आत टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून हात धुवून पाटावर. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. एकदा जोतिबाला जाताना फॅन बेल्ट तुटला तर काकूंनी

तिरकस:
काकूंनी काय? धागा अर्धवट सोडू नका, बेल्ट तुटल्यासारखा.

चुलतकाका:
मोबाइलवरून टाइप करतोय हो. काकूंनी पिशवीचा बंद काढून दिला, दोन किलोमीटर चालली गाडी त्यावर.

एमएक्स५_झिंदाबाद:
कशाला हौसेनं रडं विकत घेताय. हीच मजा पाहिजे तर माझदा एमएक्स-५ घ्या. १९८९ ला जपान्यांनी याच इंग्रजी गाड्यांचा अभ्यास करून ती काढली, दोन सीट, टप, मागच्या चाकांना पॉवर, सगळं तेच, फक्त सकाळी सेल्फ मारला की चालू होते. माझ्याकडे दुसरी आहे आता. ७००० मध्ये छान मिळेल.

ऑइलची_बरणी:
आला का माझदा, मी वाटच बघत होतो. त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

रेडिंगकर, नीट वाचा. माझ्याकडे २०११ पासून एमजीबी आहे, ७१ ची. या गाडीत इंजिनाला घाबरायचं नाही, काका म्हणतात ते खरं आहे, पार्ट सगळे मिळतात, अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते, इंग्लंडातच विटनी गावात अजून जुन्या साच्यांवर बनवतात. १९६२ ते १९८० अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर गाड्या निघाल्या म्हणून हे शक्य आहे. घाबरायचं पत्र्याला. हिला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच सांगाडा, आणि रोडस्टरला वर छप्पर नाही म्हणजे सगळा भार दाराखालच्या सिलवर. हे सिल आतून सडतं आणि बाहेरून लाल रंग चकाचक. बरेच विकणारे सडलेलं न कापता त्यावरच नवा पत्रा वेल्ड करून मोकळे होतात. धड काम करायचं तर पुढच्या विंगचा (मडगार्डचा) खालचा भाग कापावा लागतो, तेवढी मेहनत कोण घेतो. माझे दोन्ही बाजूंचे २८०० पौंड गेले, तेही मित्राच्या ओळखीनं.

बघायला जाताना खिशात फ्रिजवरचं चुंबक घेऊन जा, पातळ फडक्यात गुंडाळून, रंगाला ओरखडा नको. दाराखाली फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. मग मालकाची परवानगी घेऊन एका बाजूला जॅक लावा, चाक उचललं की दार उघडून लावून बघा. दाराची फट मिटायला लागली किंवा दार घासलं तर गाडी मधून वाकतेय. तिथून नमस्कार करून निघा. जॅक लावू देत नसेल तरीही निघा.

एमओटी (गाडीची दरवर्षीची सरकारी तपासणी) कधी झालीय शेवटची?

रेडिंगकर:
एमओटी लागतच नाही म्हणाला तो, ४० वर्षांवरच्या गाडीला माफ आहे. रोड टॅक्स पण शून्य. हा तर प्लस पॉइंट ना?

ऑइलची_बरणी:
टॅक्स शून्य हा प्लस. एमओटी माफ म्हणजे मे २०१८ पासून ती गाडी खालून कोणी बघितलीच नसेल असाही अर्थ होतो!! गाडीचा नंबर सरकारी साइटवर टाका, एमओटीचा इतिहास फुकट दिसतो. पास-नापास सोडा, खाली बारीक अक्षरात सूचना लिहिलेल्या असतात त्या वाचा.

वडापाव_टर्बो:
यूकेवाले लकी आहात. आपल्याकडे पुण्यात अशी गाडी आणायची असेल तर काय करावं लागतं? ड्युटी किती पडते?

आरटीओ_पीडित:
ड्युटीचं एजंटला विचारा, पण नोंदणीचे नियम २०२१ मध्ये बदललेत. ५० वर्षांवरची आणि मूळ स्वरूपातली गाडी विंटेज धरतात, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पण रोज ऑफिसला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. माझ्या आजोबांच्या गाडीचं आरसी बुक हरवलं होतं त्याची कहाणी वेगळा धागा काढून सांगेन.

स्लाउची_सून:
रेडिंगकर, गाडी ठेवणार कुठे? गॅरेज आहे का? घरी कोण कोण आहे? रोज वापरणार की फक्त रविवारी? तुम्ही एकाही पोस्टमध्ये लिहिलेलं नाही.

रेडिंगकर:
फ्लॅट आहे, रस्त्यावर परमिट पार्किंग. मी, बायको, मुलगी पाच वर्षांची. एक टोयोटा आहे ती काढून हीच ठेवायचा विचार आहे, मी घरूनच काम करतो तीन दिवस. म्हणजे रोज नाही.

तिरकस:
माणसं तीन, सीट दोन. मुलगी डिकीत की बायको?

रेडिंगकर:
जोक नकोत यार.

स्लाउची_सून:
जोक नाहीये तो. आम्ही हेच केलं होतं, एमजीबी नाही, ट्रायम्फ स्पिटफायर, तशीच जुनी इंग्रजी टपवाली, नवऱ्याची हौस. बाहेर रस्त्यावर उभी असायची. नोव्हेंबर ते मार्च टपाच्या शिवणीतून पाणी झिरपायचं, पायाखालचा गालिचा ओला, वास असा की माहेरची ओल आलेली गोधडी आठवावी. क्लासिकच्या इन्शुरन्सवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला रात्री गॅरेजमध्ये असते का, आणि दुसरा, रोजच्या वापराला वेगळी गाडी आहे का. दोन्हीला नाही म्हटल्यावर एकानं फोनच ठेवला. शेवटी विकली. नवरा अजून फोटो बघतो.

एमएक्स५_झिंदाबाद:
मीही तेच म्हणतोय.

ऑइलची_बरणी:
तुमच्या माझद्यालाही सीट दोनच.

हिरवा_विचार:
इलेक्ट्रिक करून टाका. बॅटरी टाका, मोटर टाका, गळती नाही, धूर नाही. शिवाय या जुन्या गाड्या लंडनच्या यूलेझमध्ये (जास्त धुराच्या गाड्यांना पैसे लावणारा भाग) दंड भरल्याशिवाय येऊच शकत नाहीत.

ऑइलची_बरणी:
चुकीची माहिती. ४० वर्षांवरच्या हिस्टॉरिक नोंदणीच्या गाड्यांना यूलेझ माफ आहे, मी स्वतः जातो. आणि इलेक्ट्रिकचा खर्च एकदा विचारून या, त्यात दोन एमजीबी येतील. (लुकास म्हणजे या गाड्यांचं इलेक्ट्रिकचं सामान बनवणारी कंपनी, तिच्या वायरिंगवरचे सगळे विनोद मला पाठ आहेत, कोणी टाकू नका. निम्मा दोष गंजलेल्या अर्थिंगच्या जोडणीचा असतो, पॉलिश पेपरनं घासा, दिवे लागतात.)

बाकी रेडिंगकर, सांभाळायला सोपी म्हणजे आपोआप सांभाळली जाते असं नाही. पुढच्या चाकांच्या किंगपिनला (ज्यावर चाक वळतं तो खिळा) दर ३००० मैलांना ग्रीस मारावंच लागतं. पेट्रोल शक्यतो ई-५, महागडं सुपर, ई-१० मध्ये इथेनॉल जास्त, जुने रबरी पाइप खातं. सिलिंडर हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का तेही विचारा, कारण गाडी शिसंवाल्या पेट्रोलच्या काळातली, आताच्या बिनशिशाच्या पेट्रोलवर जुन्या सीट झिजतात.

क्रोमवेडा:
रबर बंपर मुळात घ्यायचीच कशाला? अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ ला गाडी इंच-दीड इंच उचलली आणि वळणावर झोपायला लागली. ७४ च्या आधीचीच खरी.

ऑइलची_बरणी:
७७ च्या मॉडेलला मागे पण अँटी-रोल बार (वळणावर गाडी झुकू न देणारी दांडी) दिला, त्यानं बरंच सुधारलं. आणि रबरवाली स्वस्त मिळते. बंपरवर कसली जातपात काढता.

रेडिंगकर:
इतिहास बघितला साइटवर. शेवटची एमओटी २०१७, पास. खाली सूचना लिहिलीय, डाव्या सिलला गंज. त्यानंतर काहीच नाही. मालकाला फोन केला तर म्हणाला ते केव्हाच करून घेतलंय. बिल विचारलं तर शोधतो म्हणाला. उद्या चुंबक घेऊन जातोय. बायकोला टोयोटाचं अजून सांगितलेलं नाही.

स्लाउची_सून:
आधी ते सांगा. चुंबक नंतर.

चुलतकाका:
चुंबकानं काय होतंय, अ‍ॅम्बॅसॅडरला काका अंगठ्यानं टकटक करून सांगायचे पुट्टी कुठे आहे ते.

एमएक्स५_झिंदाबाद:
माझ्या ओळखीत एक निळी एमएक्स-५ आहे, २००८ ची, व्यनि (खाजगी निरोप) करा.

रेडिंगकर:
जाऊन आलो. चुंबक उजव्या बाजूला सगळीकडे चिकटलं, डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या पुढे वीतभर जागेत गळून पडलं, दोनदा उचललं खालून. मालक बघत होता, काही बोलला नाही. जॅकचं विचारलं तर म्हणाला माझ्याकडे नाहीये. टोयोटातला काढून आणला मी. मग म्हणाला नको, रंग खराब होईल. बिल सापडलं नाही. ४५०० बोललो, त्यानं दार लावून घेतलं. घराचं. गाडीचं लागलं असतं का कोण जाणे.

ऑइलची_बरणी:
सुटलात.

वडापाव_टर्बो:
मग ती गाडी अजून आहे का? भारतात आणली तर?

रेडिंगकर:
बायकोला सांगितलं. टोयोटा कुठेही जात नाहीये. पण एक मात्र म्हणाली की मागे लेकीची सीट बसणार असेल तर विचार करू. तर आता जीटी बघतोय, ७२ ची, क्रोम बंपर, स्विंडनला आहे, मागे छोटा बाक आहे. त्यावर लहान मुलांची सीट बसते का? मागे पट्टे आहेत की नाही ते विचारायचं राहिलं. आणि रेडिंगमध्ये गॅरेज भाड्यानं कुठे मिळेल? गुरुवारपर्यंत सांगायचंय त्याला.

तिरकस:
नवा धागा काढा. आणि या वेळी साल पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत, प्रगती आहे.