राजगड-तोरणा: साडेपाच लिटर पाणी पिऊनही पायात गोळे का आले?

भटक्या_वेल्हे
गेल्या शनिवारी राजगड-तोरणा केला. पहाटे गुंजवण्यातून चढलो, अळू दरवाजातून उतरून धारेला लागलो. ऑक्टोबरचं ऊन, कमरेएवढं गवत, वारा अजिबात नाही. पाठीवर चार लिटर पाणी होतं, वाटेत एका घरी दीड लिटर भरून घेतलं. तहान नसतानाही दर वीस मिनिटांनी पीत होतो आणि सारखा लघवीला थांबत होतो. तरी तोरण्याच्या बुधला माचीच्या चढावर पोटरीत असा गोळा आला की पाय सरळ होईना. डोकं ठणकत होतं, पोळीचा घास घशाखाली उतरेना. काळ्या टी-शर्टवर पाठभर पांढरे पट्टे उमटले होते, बोटातली अंगठी रुतत होती. डिसेंबरात रतनगड-हरिश्चंद्रगड करायचाय. आणखी पाणी न्यायचं का?

कातळकडा
पाणी भरपूर होतं हो, मीठ कमी पडलं. ते पांढरे पट्टे म्हणजे तुमच्या घामातलंच मीठ. लिटरभर घामाबरोबर दोन-तीन ग्रॅम मीठ सहज जातं, काहींचं त्याहूनही जास्त. वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, बोटं सुजून अंगठी रुतणं ही त्याची लक्षणं असू शकतात. मला तुमच्या गोळ्यापेक्षा त्या अंगठीची जास्त काळजी वाटली. असं होऊन कुणी असंबद्ध बोलायला लागलं तर त्याला पाणी पाजत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

मी दोन बाटल्या ठेवते. एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. एका लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ग्लुकोज चवीसाठी नसतं, त्याच्यासोबतच आतडं सोडियम आत ओढून घेतं. म्हणून अख्खी पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच घाला, अंदाजाने अर्धी नको. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आणि तहान लागेल तसं प्या, घड्याळ लावून नको.

ताकभात
मी तर डबाच खारट नेतो: दशमी, लिंबाचं लोणचं, खारे शेंगदाणे. गडावर कुणी मावशी ताक विकत असतील तर मीठ घालून दोन पेले घेतोच. पण गोळा नुसत्या मिठाअभावी येत नाही, दमलेल्या स्नायूलाही येतो. आला की बसा, पंजा स्वतःकडे ओढून धरा, पोटरी सैल होते.

कातळकडा
ताकभात यांचं बरोबर आहे. सोबत कुणी बीपीच्या गोळ्या घेणारं असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.

भटक्या_वेल्हे
बाबा येणार आहेत, त्यांना बीपी आहे. उद्याच विचारतो. अंगठी घरीच ठेवीन म्हणत होतो, आता मुद्दाम घालून जाईन.