'गळती', 'वावडी' की 'कुणकुण'? नव्या कन्सोलच्या बातम्यांतले शब्द

(सोलापूरच्या चार भागांतली चार मंडळी, आपापल्या भागाच्या नावाने बोलतायत.)

सात रस्ता : नवा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, येणार म्हटलं की "स्पेक्सची (आतल्या तपशिलांची) गळती झाली" असं छापून येतं. गळती नळाला लागते, नाहीतर छपराला. लीकला नेमका शब्द कोणता? आणि रूमर म्हणजे सरसकट 'अफवा' का?

नवी पेठ : लीकला 'फुटणे'. पेपर फुटतो, बातमी फुटते, तसे स्पेक्स फुटतात. मात्र फुटायला आधी झाकलेलं काहीतरी खरं असावं लागतं. मे २०२४ मध्ये मालाच्या आयात-निर्यातीच्या नोंदींत निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलचे भाग दिसले : ६ जीबीच्या दोन एलपीडीडीआर५एक्स चिप, म्हणजे १२ जीबी रॅम, आणि २५६ जीबी स्टोरेज. ५ जून २०२५ ला तो कन्सोल 'स्विच २' नावाने विक्रीला आला, त्यात हेच आकडे निघाले. इथे 'फुटले' चपखल बसतं. कुणीतरी बसल्या जागी आकडे ठोकून दिले, तर फुटलं काय कपाळ?

पूर्व भाग : त्याला 'वावडी' आहे की. वावडी म्हणजे मुळात पतंग, म्हणून ती उठते, उडते, कुणीतरी उठवतं. दोरी धरणारा हात असतोच. 'कंडी' पिकवतात, तिथंही पिकवणारा आला. 'वदंता'ला धनी नसतो, सगळेच म्हणतात म्हणून आपणही. 'आवई' धास्तीची : "जुने गेम चालणार नाहीत" ही आवई, "बॅटरी दुप्पट टिकणार" ही नव्हे. आणि 'कुणकुण' ऐकणाऱ्याला लागते. ती बहुधा खरी निघते. म्हणून "कुणकुण उठली" लिहू नये, कानाला खटकतं.

सात रस्ता : मग प्लेस्टेशन (पीएस) बनवणारी सोनी आणि चिप बनवणारी एएमडी, यांच्या नव्या चिपबद्दल काय म्हणायचं?

पूर्व भाग : ते 'सूतोवाच'. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशनची रचना करणारे मार्क सर्नी आणि एएमडीचे जॅक ह्यून यांनी न्यूरल अ‍ॅरे, रेडियन्स कोअर आणि युनिव्हर्सल कॉम्प्रेशन ही चिपमधल्या तंत्रांची तीन नावं स्वतः घेतली. हे सगळं तेव्हा फक्त संगणकावरच्या सिम्युलेशनमध्येच होतं, काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलसाठी होतं, हेही सर्नींनीच सांगितलं. त्याला अफवा म्हणणं चूक, आणि "पीएस६ जाहीर" म्हणणं त्याहून चूक. (सूतोवाचातलं सूत आपल्या गिरणीचं नव्हे, पुराणातलं 'सूत उवाच'.)

होटगी रोड : शब्दाइतकाच आकडाही फसवतो. 'टेराफ्लॉप' (सेकंदाला लाख कोटी आकडेमोडी) दिसला की आधी गुणाकार करावा : चिपमधले कम्प्युट युनिट (आकडेमोड करणारे गट) × ६४ × २ × गिगाहर्ट्झ, मग भागिले १०००. पीएस५ चं ३६ × ६४ × २ × २.२३ = १०,२७६, म्हणजे १०.२८ टेराफ्लॉप. पीएस५ प्रोचा आधी पसरलेला आकडा होता ३३.५, नोव्हेंबर २०२४ मध्ये यंत्र आलं ते १६.७ चं. जवळजवळ निम्मं. तो आकडा चुकीचाच होता, एएमडीच्या दोन पिढ्यांची मोजणी एकात मिसळून निघालेला, असं सर्नींनी नंतर सांगितलं. एएमडीच्या पुढच्या पिढीत चिपच्या एका ठोक्याला दोन सूचना सोडायची सोय आहे, पीएस५ प्रोत ती नाही; पण ती धरली की आकडा दुप्पट होतो. मागाला दोन धोटे बसतात म्हणून टॉवेल दुप्पट उतरत नाहीत. दोन्हींना एकाच वेळी सूत मिळायला हवं, आणि गेममध्ये ते क्वचित जुळतं. तेव्हा "दुप्पट ताकद" लिहिण्याआधी मोजणी कुठली, ते पाहावं. 'ताकद'ही मोघमच, 'गणनक्षमता' जड वाटत असेल तर टेराफ्लॉपच ठेवा.

नवी पेठ : 'बॅकवर्ड कम्पॅटिबल'ला 'पश्चानुकूल' वगैरे नको. "जुने गेम चालतात" पुरे.

होटगी रोड : पुरत नाही. गेम चालणं वेगळं, डिस्क चालणं वेगळं. पीएस५ प्रो पीएस४ चे बहुतेक गेम चालवतो, पण त्यात डिस्क ड्राइव्हच नाही. तो वेगळा घेऊन जोडावा लागतो. स्विच २ मध्ये जुनं कार्ट्रिज बसतं, पण जुनं साधं मायक्रोएसडी कार्ड गेम साठवायला चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. दुकानाच्या पाटीवर "जुनं सगळं चालतं" लिहिलं, की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी जुनं कार्ड घेऊन दारात.

सात रस्ता : म्हणजे "जुने गेम चालतात, जुनं कार्ड नाही" असं?

होटगी रोड : हां, तसं. पाटीवर मावतंय की.