टेबलावर राहिलेली पुस्तकं मोजा
वाचकांकडून प्रश्नावली भरून घेतली की वाचनालयाचं मूल्यमापन झालं, असं म्हणतात. अर्धंच पटतं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात मी अभ्यासक्रमाच्या प्रकल्पासाठी असेच फॉर्म वाटले होते. ग्रंथपालकाका शेजारीच उभे, मग काय, बहुतेकांनी 'उत्तम'वर टिक करून पेन परत दिलं. शिवाय फॉर्म फक्त मराठीत. स्पर्धा परीक्षेची कन्नड पुस्तकं वाचायला येणारी मुलं त्यातून सुटलीच. चूक माझीच.

मग 'वाचून झालेलं पुस्तक कपाटात ठेवू नका, टेबलावरच राहू द्या' अशी पाटी लावली आणि रोज वाचनालय बंद करताना ती पुस्तकं मोजली. देवघेवीच्या नोंदवहीत कादंबऱ्या पुढे, टेबलावर मात्र सामान्यज्ञान आणि शब्दकोश. कोश घरी नेऊ देत नाहीत, म्हणजे नोंदवहीत ते दिसणार कुठून! प्रश्नावलीच हवी असेल तर लिबक्वालची (LibQUAL+, वाचनालयाच्या सेवेचा दर्जा वाचकांकडून जोखणारी तयार प्रश्नावली) रचना बघा: प्रत्येक बाबीला किमान चालेल ती पातळी, हवी ती पातळी आणि प्रत्यक्ष मिळते ती, असे १ ते ९ मधले तीन आकडे द्यायचे. मूळ यादी २२ बाबींची आहे, छोट्या वाचनालयाला त्यातल्या आठ-दहा पुरतात. आणि हो, फॉर्म दोन्ही भाषांत छापा.