सुपरवायझर रोज सगळ्यांसमोर पाणउतारा करतो, हे नॉर्मल आहे का?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, दोन वर्षं झाली. नवीन सुपरवायझर आल्यापासून माझीच चूक शोधतो, सगळ्यांसमोर "अक्कल आहे का" म्हणतो, ओव्हरटाइमच्या यादीतून नाव काढतो आणि आता जेवायला पण कुणी सोबत बसंना झालंय. घरी सांगितलं तर म्हणतात, साहेब लोक असंच बोलतात, सहन कर. रात्री झोप येत नाही हो.

उत्तर १
ताई, हे नॉर्मल नाही. काम चुकलं तर बाजूला घेऊन सांगतात. एकाच माणसाला धरून रोज चारचौघांत बोलणं, त्याला एकटं पाडणं, हा छळच आहे. आजपासून वहीत तारीख, वेळ, काय बोलला, समोर कोण होतं ते लिहीत जा. मी लिहिलं नव्हतं, मग विचारल्यावर काहीच नीट सांगता आलं नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.

उत्तर २
वही ठेवाच. आणि एचआरला तोंडी नको, लेखी द्या, पोच घ्या. नुसत्या पाणउताऱ्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, पण तो घाणेरडं बोलत असेल, अंगचटीला येत असेल तर कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे, 10 किंवा जास्त माणसं असतील तिथं तक्रार ऐकायला अंतर्गत समिती लागतेच, तक्रार 3 महिन्यांच्या आत करायची. मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं.

उत्तर ३
सोबतच्या बायकांशी बोला ओ, त्या पण घाबरूनच गप्प असतील. आमच्याकडं चौघी मिळून गेल्यावरच मॅनेजरनं ऐकलं.