एलएओ/एसटीओ इंटरफेस (दोन ऑक्साइड स्फटिकांचा सांधा): ६० मिलिकेल्विनलाही अतिवाहकता (शून्य विद्युतरोध) दिसत नाही

थर_१०
पीएलडीने (लेझरच्या ठोक्यांनी पदार्थ उडवून थर बसवण्याची पद्धत) स्ट्राँशियम टायटनेट (एसटीओ) च्या (००१) पृष्ठावर लॅन्थनम अॅल्युमिनेटचे (एलएओ) १० युनिट सेल, म्हणजे स्फटिकाच्या सर्वांत लहान घटकाचे १० थर, वाढवले. ८०० अंश से., ऑक्सिजन १०^-६ मिलिबार, लेझर १ हर्ट्झ. त्याच दाबात थंड केलं. आरहीडची (थर वाढताना इलेक्ट्रॉन झोताने केलेली पाहणी) आंदोलनं शेवटपर्यंत स्वच्छ. ४ केल्विनला शीट रोध ०.०१ ओहम प्रति चौरस, हॉल मापनावरून (चुंबकीय क्षेत्रातलं मापन) वाहकघनता दर चौ. सेमीला ५×१०^१६. २००७ साली जिनिव्हा-आउग्सबुर्गच्या गटांनी २०० मिलिकेल्विनच्या आसपास दाखवलेलं अतिवाहक संक्रमण इथे का नाही?

पातळथर
उत्तर तुमच्या हॉलच्या आकड्यातच आहे. दर युनिट सेलमागे अर्धा इलेक्ट्रॉन धरला तरी इंटरफेसवर ३.३×१०^१४ च्या वर जाता येत नाही. प्रत्यक्षात काही १०^१३ च मिळतात. तुम्ही शंभरपटीहून जास्त मोजताय, म्हणजे प्रवाह सबस्ट्रेटमधून (खालच्या एसटीओच्या तुकड्यातून) वाहतोय. इतक्या कमी दाबात तापलेल्या एसटीओतून ऑक्सिजन निघून जातो आणि उरलेल्या रिकाम्या जागा इलेक्ट्रॉन देतात.

खात्रीसाठी कोरा सबस्ट्रेट लेझर न चालवता त्याच तापमान-दाबातून न्या. तो वाहक झाला तर दोष तिथेच. पुढचा नमुना १०^-४ मिलिबारला वाढवा, मग २०० मिलिबार ऑक्सिजनमध्ये ६०० अंशांवर तासभर ठेवा आणि त्याच वायूत थंड करा. सोबत ३ युनिट सेलचा नमुनाही करा. चारच्या खाली इंटरफेस विद्युतरोधक राहायला हवा; तो वाहत असेल तर रिकाम्या जागा अजून आहेत.

टर्मिनेशनही (सबस्ट्रेटचा सर्वांत वरचा अणुथर कोणता आहे ते) तपासा, कारण सबस्ट्रेटची वाहकता ती चूक झाकून टाकते. पाण्यात अल्ट्रासॉनिक, बफर्ड एचएफमध्ये (सौम्य केलेलं हायड्रोफ्लोरिक आम्ल) ३० सेकंद, मग ऑक्सिजनमध्ये ९५० अंश. एएफएममध्ये (टोकदार सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) पायऱ्या ०.३९ नॅनोमीटरच्याच दिसाव्यात; अर्ध्या उंचीच्या दिसल्या तर स्ट्राँशियम ऑक्साइडचे पट्टे उरलेत, आणि तेवढा भाग वाहणार नाही. एचएफजवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (त्या आम्लाने भाजल्यास लावायचं) हाताशी हवंच.

थर_१०
तसं केलं. ३ युनिट सेलचा नमुना विद्युतरोधक आला. १० चा ४ केल्विनला ४०० ओहम, घनता ४×१०^१३. पण २५० मिलिकेल्विनपासून रोध वीसेक टक्के उतरतो आणि तिथेच अडतो. प्रवाह ५ मायक्रोअँपियर, पट्टी १०० मायक्रोमीटर रुंद.

शीतमापन
नमुना आता बरोबर आहे, मोजणी चुकतेय. या थराचा क्रांतिक प्रवाह (ज्याच्यावर अतिवाहकता टिकत नाही) दर मायक्रोमीटर रुंदीमागे १० नॅनोअँपियरच्या घरात, म्हणजे तुमच्या पट्टीला फार तर १ मायक्रोअँपियर. १० नॅनोअँपियर, कमी वारंवारतेचं लॉक-इन (गोंगाटातून बारीक संकेत वेचणारं उपकरण), चार टोकांची जोडणी. एवढ्यानेही रोध अडला तर तारांतून येणारा रेडिओ गोंगाट इलेक्ट्रॉनांना तापवतोय; थर्मामीटर ६० मिलिकेल्विन दाखवत असला तरी इलेक्ट्रॉन २०० वर असू शकतात. प्रत्येक तारेवर आरसी फिल्टर (रोधक-धारित्राची गाळणी) मिक्सिंग चेंबरपाशीच (शीतयंत्राचा सर्वांत थंड भाग) लावा, खोलीच्या तापमानाला लावून भागत नाही. नमुना थंड करण्याआधी किमान १२ तास अंधारात ठेवा, नाहीतर प्रकाशाने सुटलेले वाहक घनता बिघडवतात. चुंबकाचं उरलेलं क्षेत्रही घालवा: लंब दिशेने शे-दोनशे मिलिटेस्लाच्या आतच अतिवाहकता मरते.

मागच्या बाजूने गेट (व्होल्टेज देऊन वाहकघनता बदलणारा इलेक्ट्रोड) लावणार असाल तर पहिली फेरी थेट सर्वांत वरच्या धन व्होल्टेजपर्यंत न्या. त्या फेरीत काही इलेक्ट्रॉन अडकून राहतात आणि वक्र परत त्याच वाटेने येत नाही. त्यानंतरच्या फेऱ्या जुळतात, आणि मगच घुमट (गेट व्होल्टेजनुसार संक्रमण तापमान चढून उतरण्याचा वक्र) मोजण्यात अर्थ आहे.