ईडिपसला दैवाने बुडवले की गर्वाने?

प्रश्न
प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचे ‘राजा ईडिपस’ हे नाटक नुकतेच वाचले. ईडिपस बापाला मारील आणि आईशी लग्न करील, हे देववाणीने आधीच सांगून ठेवले आहे आणि ते टाळण्यासाठी जिथे वाढला ते कॉरिंथ सोडलेला माणूस नेमका आपल्या खऱ्या आईबापांच्या थीब्जलाच येऊन पोचतो. मग समीक्षक त्याच्या गर्वाला बोल का लावतात?

प्रतिसाद १
देववाणीत काय नव्हते, तेही पाहावे. पितृहत्या आणि तो विवाह, दोन्ही गोष्टी नाटक सुरू होण्याच्या कितीतरी आधी घडून गेल्या आहेत. रंगमंचावर घडतो तो केवळ शोध. थीब्जचा आधीचा राजा लायस (ईडिपसचा खरा बाप) याचा मारेकरी हुडकावा, ही अपोलो देवाची आज्ञा खरी. पण स्वतःच्या जन्माचे मूळ खणून काढ, असे ईडिपसला कोणीच सांगितलेले नाही. उलट अंध भविष्यवेत्ता टायरेसियस आधी बोलायलाच तयार नसतो, ईडिपसची राणी (आणि खरी आई) योकास्टा ‘पुढे विचारू नका’ म्हणून विनवते, आणि जन्माचे गुपित ठाऊक असलेला म्हातारा धनगर तोंड उघडेना, तेव्हा राजा त्याचे हात मागे पिरगाळण्याचा हुकूम देऊन उत्तर वदवून घेतो. हा हट्ट दैवाचा नव्हे, त्याचा स्वतःचा आहे.

प्रतिसाद २
हट्टाला इतके उदात्त करू नये. तिठ्यावर वाट सोडण्यावरून रथातल्या वृद्धाने, म्हणजे लायसने, डोक्यात फटका मारला, तेव्हा याने त्याला ठार केलेच, शिवाय त्याच्या माणसांवरही हात टाकला. पुढे तो टायरेसियसच्या अंधत्वाची टर उडवतो, योकास्टाचा भाऊ क्रेऑन याच्यावर कटाचा आळ घेतो, आणि योकास्टा भयाने आत निघून गेली तरी आपले कुळ हलके निघेल म्हणून ती लाजली, एवढेच त्याला सुचते. सत्य दारात उभे असताना हा माणूस स्वतःला भाग्यदेवतेचा पुत्र म्हणवतो! गर्वाने भविष्य घडवले नाही, हे मान्य. स्वतःची खरी ओळख पटणे मात्र शेवटच्या क्षणापर्यंत लांबवले.

प्रश्नकर्ता
म्हणजे तो दोषी ठरतो का?

प्रतिसाद १
सत्य कळून स्वतःचे डोळे फोडून घेतल्यावर तो वृंदाला (नाटकातल्या कोरसला) सांगतो की हे दुःख अपोलोने आणले, पण वार करणारा हात माझाच होता. सोफोक्लीसच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ४०१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘कोलोनसमधील ईडिपस’ या नाटकात मात्र हाच ईडिपस म्हातारपणी ठणकावतो की मी अजाणता वागलो, पहिला वार समोरच्याचा होता, तेव्हा मी निर्दोष आहे. तेही वाचावे, तिथे त्याचा गर्व ओसरलेला नाही, संताप तर मुळीच नाही.